पळसाला पानं तीनच

(पळसदरी. सप्ताहातील सहाव्या रात्रीचे कीर्तन, ध्वनिमुद्रणावरून. मधले नामघोष आणि चाली वगळल्या आहेत.)



आज सेवेला सावता महाराजांचा अभंग घेतला. मळ्यातल्या भाजीपाल्यात विठाई पाहणारा तो अभंग ज्याला येत नाही असा माणूस या मांडवात नसेल. मघाशी चाल धरली तेव्हा मागे खांबाला टेकून बसलेली पोरंसुद्धा म्हणत होती. टाळाला हात लावत नाहीत, पण ओठ हलत होते, मी पाहिलं. फक्त पाठ अभंगाचं एक असतं. तो तोंडाला इतका सरावतो की कानापर्यंत पोचतच नाही. आपण म्हणतो, वा! काय भक्ती! माळ्याला भाजीत देव दिसला! आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डबा घेऊन लोकल धरायला पळतो. तेव्हा आपल्या डब्यात, आपल्या ड्युटीत देव कुठे आहे, हे विचारायचं सुचत नाही.

पण एकाला सुचलं. तिसऱ्या दिवशी काकडा आटोपल्यावर एक मुलगा माझ्याकडे आला. बारावी झालेला, कंत्राटावर कामाला जातो. मी विचारलं, काय काम करतोस रे बाळा? म्हणाला, "महाराज, खोकी चिकटवतो. पट्ट्यावरून खोकं येतं, मी चिकटपट्टी मारतो, खोकं पुढे जातं. आठ तास. आत काय आहे ते मला ठाऊक नाही. कुठे जातं ते ठाऊक नाही. तुम्ही सांगता कामात विठोबा आहे. सावता माळ्याच्या कामात होता, मुळा उगवतो तो दिसतो तरी. माझ्या खोक्यात कसला विठोबा?"

मी त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. असल्या प्रश्नाला हातात प्रसाद ठेवून 'नाम घे, सगळं ठीक होईल' असं सांगणारे पुष्कळ आहेत. नाम घ्यावंच. पण पोराने विचारलंय कामाबद्दल, त्याला कामाबद्दलच सांगायला हवं. म्हणून आजची सेवा त्याच्यासाठी. तो आलाय, पण कुठे बसलाय ते मी सांगणार नाही. लाजेल.

आता फाल्गुन आहे. तुमच्या गावाचं नावच पळसदरी, आणि दरीत पळस असा पेटलाय की काय सांगावं! आपण म्हणतो, कुठेही जा, पळसाला पानं तीनच. ही म्हण आपण कशी वापरतो? कंटाळ्याने. मुंबईला जा नाहीतर दुबईला जा, नशीब तेच. मी आज ती जरा वेगळी वापरतो. कामालाही पानं तीनच असतात. एक काम करणारा. दुसरा काम करवून घेणारा. आणि मधलं, मोठं पान, ते काम शेवटी ज्याच्यापर्यंत पोचतं तो. पळसाचं पान नीट पाहा, मधलं मोठं असतं. ही तीन पानं एका देठावर असली की कामाला अर्थ असतो. एखादं तुटलं की उरतो तो राबता. विठ्ठल, विठ्ठल.

सावता महाराजांचं गाव अरण, माढा तालुक्यात. तिथून पंढरी फार लांब नाही. तुम्हाला तिथे जायला घाट चढावा लागतो, दिंडीबरोबर ऊन, पाऊस, चिखल तुडवावा लागतो. त्यांना काहीच नव्हतं. तरी महाराज वारीला गेले नाहीत, असं परंपरा सांगते. का नाही गेले? आळस होता? श्रद्धा कमी होती? अहो, ज्याने मळा केलाय त्याला विचारा. भाजीला एकादशी कळत नाही. पाण्याची पाळी चुकली की वाफा सुकतो. आणि वाफा सुकला तर ज्यांच्या ताटात ती भाजी जाणार होती त्यांचं ताट रिकामं. महाराजांना वाफ्यात देव दिसला याचा अर्थ वाफ्यातून खाणारी माणसं दिसली. आणि मग देवालाच यावं लागलं. आजसुद्धा, माऊली, सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. सावता महाराजांच्या भेटीला मात्र आषाढात पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला जाते. देवाने पायी चालत जाऊन भेट घ्यावी असा मान एका माळ्याचा. तोही काम सोडलं नाही म्हणून.

आणि पंढरी तरी कशावर उभी आहे? विटेवर. पुंडलिकाने काय केलं? आईबापांची सेवा चालू होती, दारात देव आला, पुंडलिकाने वीट भिरकावली आणि सांगितलं, थांब तिथे, हातातलं काम संपू दे. देव थांबला. अठ्ठावीस युगं म्हणतात. देव रागावला नाही, कारण ते काम कोणासाठी चाललंय ते त्याला दिसत होतं. त्या विटेबद्दल मला पुढे एक बोलायचंय. ती लक्षात ठेवा, सोडून देऊ नका.

पुष्कळ जण म्हणतील, महाराज, सावतोबांचं ठीक, खाणारा समोर दिसतो. आमच्या कामात तो दिसत नाही. बरोबर आहे. म्हणून आता तुमच्याच गावचं सांगतो.

इथून रूळ दोन वाटांनी फुटतो. एक खोपोलीला, एक घाटात. खोपोलीचा रूळ आधीचा, १८५६ सालचा. त्या काळी मुंबईहून आलेला उतारू खोपोलीला उतरायचा, तिथून पालखीने, डोलीने घाट चढायचा आणि वर खंडाळ्याला पुन्हा गाडी धरायचा. मग घाट फोडायचं ठरलं. १८५६ ते १८६३, सात वर्षं. २५ बोगदे. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ. भर कामाच्या दिवसांत चाळीस हजारांवर माणूस इथे या दऱ्यांत राबत होता. चाळीस हजार! पटकीने मेले, तापाने मेले, सुरुंगात मेले, दोराला लोंबकळत कडा फोडताना खाली गेले. हजारोंनी गेले. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली, त्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे. तो घाट सुरू झालेला पाहायला राहिला नाही, वर्षभर आधी, १८६२ साली वारला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने गेला; त्याची बायको अ‍ॅलिस, तिने तो ठेका पुढे चालवला. बाईमाणूस, परका मुलूख, नवरा गेलेला. तिचंही नाव राहिलं, आणि राहायलाच हवं. पण त्या चाळीस हजारांतलं एक नाव सांगा. एक! नाही सांगता येत. आपल्याच कोणाचा तरी पणजा-खापरपणजा असेल त्यात.

आता हिशेब करा. त्या माणसाने मनात काय धरून पहारीचा घाव घातला असेल? पोट. दुसरं काय! त्याला कुणी सांगितलं नव्हतं की तुझ्या घावावरून पुढे दीडशे वर्षं आजारी माणसं पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात जातील, पोरं परीक्षेला जातील, माहेरवाशिणी घरी जातील. मधलं पान त्याच्या नजरेआड होतं. पण म्हणून ते नव्हतं का? होतं. आपणच ते पान आहोत. आपण गाडीत बसून वडा खात घाट चढतो तेव्हा त्याचं काम आपल्यापर्यंत पोचलेलं असतं. पोचपावती आपण दिलेली नाही, एवढंच.

आणि वडा म्हटलं म्हणून आठवलं. (हशा.) हसू नका, कर्जतचा वडा हा शास्त्राचा विषय आहे. गाडी कर्जतला थांबते का? वड्यासाठी नव्हे. तिथे मागून इंजिन लागतं. बँकर. इथल्या पोराटोराला ठाऊक आहे. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात, तेव्हा कुठे गाडी घाट चढते. गाडीवर नाव कुणाचं? डेक्कन क्वीन. १९३० पासून धावतेय, तिचे वाढदिवस होतात, हार पुढच्या इंजिनाला पडतात. मागून ढकलणाऱ्याला कुणी हार घातलेला मी तरी पाहिला नाही. घाट संपला की ते सुटतं आणि गुपचूप उतरून पुढच्या गाडीमागे लागायला परत येतं. सोडा, ढकला, परत या. दिवसरात्र.

बायांनो, तुम्हाला कळलं ना मी कुणाबद्दल बोलतोय? (मायमाऊल्यांचा हशा.) घरातलं बँकर. पहाटे उठून पाणी भरायचं, भाकरी थापायची, पोराला ढकलायचं शाळेत, नवऱ्याला ढकलायचं गाडीत, सासऱ्यांना दवाखान्यात. पगारपत्रकात नाव नाही. जनगणनेवाला विचारतो, काय करता? म्हणते, काही नाही, घरीच असते. 'घरीच असते!' जनाबाई तरी काय करत होत्या? नामदेवरायांच्या घरी दळत होत्या, कांडत होत्या, शेणगोठा करत होत्या. देव त्यांच्या जात्याला हात लावायला आला, असं संत सांगतात. त्यात मला आवडतं ते हे, की देवाने जनाबाईंना सांगितलं नाही, 'तू दळ, दळण्यात मोठा अर्थ आहे.' देवाने खुंटा धरला. कामाचा मोठेपणा सांगणारे घरोघर आहेत, बसल्या जागेवरून सांगतात. खुंटा धरणारा पाहिजे.

बरं, गाडीचं आणखी थोडं सांगतो, कारण इथे रेल्वेत असलेले बरेच बसलेत. पावसाळ्याआधी घाटात टोळ्या कडे तपासत फिरतात. हिल गँग. दोर बांधून कड्यावर चढतात, कुठला धोंडा सुटलाय ते पाहतात, तो आधीच पाडतात. आता यांच्या कामाचा अर्थ पाहा कसा उफराटा आहे. काम नीट झालं तर काहीच घडत नाही. दरड पडत नाही, गाडी थांबत नाही, पेपरात येत नाही. न पडलेल्या दरडीचं कौतुक कोण करणार? रात्री रूळ तपासत चालणारा असतो, हातात बत्ती, पाठीवर हत्यारं, पाऊस असा की पुढचं दिसत नाही. गाडी धडधडत निघून जाते. आत हजार माणसं झोपलेली. त्या हजारांतला एकही त्याला ओळखत नाही आणि तो त्यांतल्या एकालाही ओळखत नाही. तरी हजार माणसांची झोप त्याच्या बत्तीवर असते. मला सांगा, माऊली अठराव्या अध्यायात काय म्हणतात? स्वतःच्या कामाची फुलं करून देवाला वाहा, असं म्हणतात. पण कुठल्या देवाला? देव्हाऱ्यातल्या नव्हे. सर्वांच्या आत असलेल्या देवाला. मग गाडीत झोपलेल्या हजारांत तो आहे की नाही? आहे. तर त्या पाठीवर हत्यारं घेऊन चालणाऱ्याची पूजा चालू आहे, टिळा असो नसो.

इथे एक जपून सांगायला हवं. गोरोबाकाकांची कथा आपण सगळे सांगतो. तेरचे कुंभार. चिखल तुडवताना नामात इतके रंगले की रांगत आलेलं आपलं लेकरू पायाखाली गेलं, कळलं नाही. पुढे कीर्तनात देवाने ते परत दिलं. कथा थोर आहे, काका थोर आहेत, मी त्यांच्या पायांची धूळ. पण ही कथा मी रेल्वेवाल्याला सांगत नाही. गाडी चालवणाऱ्याला, सिग्नल देणाऱ्याला, दवाखान्यातल्या सिस्टरला सांगत नाही. घाट उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक धरला नाही तर तिला चढावर वळवून थांबवायला वेगळा रूळ ठेवलाय, तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्या माणसाचं लक्ष गेलं तर? काकांचं लेकरू देवाने दिलं. आपण देवाला असं परीक्षेला बसवू नये. ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव आहे त्याचं लक्ष हातात असणं हेच त्याचं नामस्मरण. ड्युटी संपल्यावर टाळ घ्या, मी आहेच.

आता त्या पोराकडे येतो. खोकं. बाळा, तुझं मधलं पान कुणीतरी तोडून ठेवलंय. तू ते शोध. कंपनीत विचार, आत काय आहे? लाजू नकोस. औषध असेल, तर कुठल्यातरी गावात एक म्हातारी ती गोळी दुधाबरोबर घेते. तुझी पट्टी सैल बसली तर बाटली फुटते. पोराच्या वह्या असतील. पंप असेल, एखाद्या माळ्याच्या विहिरीवर बसायचा. एकदा ठाऊक झालं की हात वेगळा चालतो. करून पाहा.

आणि समज, विचारलंस आणि कळलं की आत जे आहे त्याने माणसं मरतात, बुडतात. गुटखा आहे. भेसळ आहे. मग? मग वाल्या कोळ्याची गोष्ट. वाल्या काय म्हणत होता? मी हे बायकापोरांसाठी करतो. नारदांनी विचारलं, जा, त्यांना विचार, पापात वाटा घेतील का? घरचे म्हणाले, पोसणं तुझं काम, पाप तुझं तू बघ. पोटासाठी करतो, पोरांसाठी करतो, हे खरं असलं तरी तेवढ्याने काम चांगलं होत नाही. घराच्या उंबऱ्यापलीकडे ते कोणापर्यंत पोचतं ते पाहावं लागतं. वाल्याने ती वाट सोडली. सोडता येते. पण हेही सांगतो, घरात दोन बहिणी, बापाचं दुखणं, हप्ता चालू असताना 'सोड ती नोकरी' असं गादीवर बसून सांगणं सोपं आहे. त्याला दुसरं काम मिळवून देणारा या मांडवात कोणी आहे का? असेल तर कीर्तनानंतर मला भेटा. खरंच भेटा.

आता दुसरं पान. करवून घेणारा. इथे माझं बोलणं काहींना लागेल. लागू दे.

चोखोबा. मंगळवेढ्याचे. त्यांचं काम काय होतं? गावकुसाची भिंत बांधणं. १३३८ साल. भिंत कोसळली, मजूर गाडले गेले, त्यांत चोखोबा. नामदेवराय पंढरीहून गेले, ढिगारे उपसले, हाडं गोळा केली. ओळखायची कशी? ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची. आणून महाद्वारात समाधी दिली. ही कथा सांगून आपण रडतो आणि म्हणतो, पाहा, भिंत बांधता बांधताही नाम! हो, खरंच. पण त्या भिंतीखाली बाकीचे मजूर होते ना? त्यांची हाडं कुठे गेली? आणि भिंत कोसळली ती कोणाच्या घाईने? ज्यांच्या रक्षणासाठी ते कूस बांधलं जात होतं त्यांनी चोखोबांना कुसाच्या आत राहू दिलं नव्हतं. चोखोबांनी भक्ती केली, आणि देवाशी भांडणही केलं. मला असं का, हे त्यांनी देवाला तोंडावर विचारलं. 'कामातच देव आहे, गप्प राब' असं चोखोबा कुठे म्हणत नाहीत. ते म्हणतात ते आपण. आपल्या सोयीचं असतं म्हणून.

आता ती वीट काढा, लक्षात ठेवायला सांगितलेली. पुंडलिकाने वीट फेकली, देव उभा राहिला. ती वीट कुणी थापली? कुणीतरी थापलीच असेल की. माती मळली असेल, साच्यात घातली असेल, उन्हात वाळवली असेल, भाजली असेल. देवाचे पाय ज्यावर टेकलेत ते काम एका मजुराचं आहे. आणि तुमच्या या कर्जत-खालापूरच्या मुलखात विटा कोण थापतं? दिवाळी झाली की वाड्या ओस पडतात. कातकरी घर बंद करून बायकापोरांसकट भट्टीवर जातात. पावसाळ्यात उचल घेतलेली असते, ती फेडायला. नवरा थापतो, बायको थापते, आठ वर्षांची पोर विटा पालथ्या करते. हजारावर हिशेब. जेठात परततात तेव्हा पुष्कळदा कळतं की उचल फिटलीच नाही, पुढच्या साली पुन्हा या.

कातकरी हे नाव कशावरून पडलं? कात. खैराच्या झाडापासून कात काढायचे. तुमच्या विड्यातला कात. नावच कामावरून. मग जंगल सरकारी झालं, झाड तोडणं गुन्हा ठरला, काम गेलं, नाव राहिलं. माझ्या माहितीत यासारखी वाईट गोष्ट थोडी आहे. माणसाच्या हातातली कला काढून घ्यायची, नाव तेवढं ठेवायचं आणि मग म्हणायचं, यांना काही येत नाही, विटा थापू द्या.

या मांडवात भट्टीवाले बसलेत. ठाऊक आहे मला. मांडवाची वर्गणी तुमचीही आहे, स्पीकरची आहे, आणि मंडळाने मला आधी सांगितलंय की महाराज, जपून बोला. मी जपूनच बोलतोय. तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. वीट हवी, घरं हवीत. दवाखाना विटेचाच असतो. पण उचल देऊन माणूस बांधून ठेवणं हे कायद्याने १९७६ पासून बंद आहे, आणि धर्माने त्याच्या कितीतरी आधीपासून. वहीत हिशेब मांडता तो त्याला वाचून दाखवा. दर हजारी जो ठरला तो द्या. पोर साच्याजवळ नको, शाळेत हवी. जवळची शाळा घेते, विचारून पाहा. एवढं केलंत तर मग 'कामात विठोबा आहे' हे त्याला सांगायचा अधिकार तुम्हाला. आधी नाही. मलासुद्धा नाही.

करवून घेणारा कसा असावा? लांब जायला नको. माथेरानचे भाई कोतवाल. घर न्हाव्याचं, गरिबीचं. नाव विठ्ठल, पाहा योग! विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. शिकले, वकील झाले. वकिली करून बंगला बांधायचा, त्या काळात काही अवघड नव्हतं. त्यांनी शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा काढल्या, धान्याच्या पेढ्या काढल्या, म्हणजे अडल्या वेळी माणूस सावकाराच्या दारात जाऊ नये. वकिली हे त्यांचं काम, पण ते कोणापर्यंत पोचवायचं ते त्यांनी ठरवलं. पुढे बेचाळीसच्या लढ्यात उतरले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर गोळीने गेले. वयाची तिशी. आपण दरवर्षी हार घालतो. धान्याची पेढी किती गावांत चालू आहे, ते विचारू नका.

थोडा वेळ राहिलाय ना? पखवाजवाल्यांना विचारतो. बरं. मग एक शेवटचं. कोंढाण्याची लेणी पाहिलीत? राजमाचीच्या पायथ्याला, कर्जतहून जाता. पोरं पावसात धबधब्याला जातात, फोटो काढून येतात. पुढच्या वेळी दर्शनी भागावर एक कोरलेली ओळ आहे ती शोधा. दोन हजार वर्षांची. तिचा अर्थ एवढाच, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. कण्ह म्हणजे कृष्ण. बौद्धांची लेणी, गुरूचं नाव कृष्ण, आणि शिष्य आपल्या कामावर आधी गुरूचं नाव घालतो, मग आपलं. राजाचं नाव आपण शोधत बसलोय, बलकाचं तिथे कोरलेलं आहे. बलकालाही ठाऊक नव्हतं की पळसदरीच्या मांडवात त्याचं नाव घेतलं जाईल. पण त्याला एवढं ठाऊक होतं की हात आपले असले तरी ते शिकवले दुसऱ्याने. इथे सुतार आहेत, गवंडी आहेत, वायरमन आहेत. तुम्हाला रंधा धरायला कोणी शिकवलं, त्याचं नाव पोरांना सांगितलंय का?

आता उद्या काला. महाप्रसादाला पत्रावळी पळसाच्या आहेत, मंडळाने यंदा थर्माकोल आणला नाही, चांगलं केलं. त्या पत्रावळी वाडीवरच्या बायांनी टाचल्यात. पान वेचायचं, काडीने टाचायचं, पान वेचायचं, काडीने टाचायचं, गठ्ठा बांधायचा, डोक्यावरून आणायचा. उद्या दहाच्या सुमाराला त्या गठ्ठे घेऊन येतील, मागच्या बाजूने, स्वयंपाकाच्या चुलीकडून. दरवर्षी पैसे घेतात आणि तशाच परत जातात.

उद्या त्यांना जाऊ देऊ नका. पहिली पंगत त्यांची आणि चुलीवरच्या बायांची. त्यांनी टाचलेल्या पानावर त्यांनाच वाढायचं. भात मी वाढतो. वरण कोण घेतं? हं, हात वर करा, दिसू दे. भट्टीवाले शेठ, तुमचा हात दिसला मला. बरं झालं. वरण तुमचं. आणि बुंदीला तो खोक्यावाला पोरगा, आता सांगून टाकतो, तिसऱ्या खांबापाशी बसलाय. ऊठ बाळा, उद्या दहाला ये, अंघोळ करून ये.

आता नाम घ्या. बोला, पंढरीनाथ महाराज की जय.